न ओढलेल्या बिडीची नोंद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं की लोकांना वाटतं मी आईवडिलांचं किंवा एखाद्या प्राध्यापकाचं नाव घेईन. आईवडिलांचे उपकार मोजायचे नसतात, आणि प्राध्यापकांचे मी प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानावर छापील अक्षरात मानलेले आहेत. मला डॉक्टर केलं ते कामठीच्या एका पॉवरलूमवर कांड्या भरणाऱ्या माणसानं. आमच्या वॉर्डात ते चौदा नंबरच्या खाटेवर होते. नाव लिहीत नाही, कारण पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही हा नियम मी पाळतो. मी त्यांना काका म्हणायचो. दवाखान्यातून सुटल्यावर ते पुन्हा त्याच धुळीच्या खोलीत जाणार की मोकळ्या हवेत, हे एका कागदावर ठरायचं होतं. तो कागद आमच्या हातात होता, आणि आमचे हात तेव्हा संगणकावर होते.

आधी माझं थोडं सांगतो. मी मौद्याचा. वडील वीज केंद्राच्या फाटकावर ठेकेदाराकडे कामाला होते. आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या गाड्यांचे नंबर एका लांबलचक वहीत लिहायचं काम. वडील सातवी पास, आणि त्या वहीबद्दल त्यांना देवासारखा आदर. एखादी गाडी आत गेली की नाही असा वाद निघाला तर ते आवारात बघत नसत, वहीत बघत. "लिहिलं हाये ना? मंग गेलीच," म्हणायचे. शाळेतही तेच. एकदा गुरुजींनी फळ्यावर चुकून कन्हान नदी वर्धा जिल्ह्यात नेली. आम्ही सगळ्या वर्गानं ती वर्धा जिल्ह्यात नेली आणि चाचणीत पूर्ण गुण घेतले. खरी कन्हान शाळेपासून सायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर वाहत होती आणि आम्ही रविवारी तिच्यात पोहत होतो.

असा मी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात आलो. तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर नेल्या. उद्घाटनाला नारळ फोडायचा होता, पण पाणी यंत्रावर उडेल म्हणून तो जिन्यात फोडला. हार मात्र पडद्याला घातला, आणि तो काढायचा कोणी हे न ठरल्यामुळे सात-आठ दिवस आम्ही झेंडूच्या फुलांच्या मधून रुग्णांची नावं वाचली.

या नोंदी विद्यार्थ्यांनाही शिकायला मिळाव्यात अशी आमच्या विभागप्रमुखांची, म्हणजे सरांची, योजना होती. योजना चांगली होती, हे मी आजही मनापासून म्हणतो. आमच्या आधीच्या मुलांना जुनी फाइल हवी असली तर तळघरात जाऊन धूळ झटकावी लागायची. आम्हाला एका जागी बसून माणूस भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंतचा सगळा प्रवास दिसणार होता. कोणत्या दिवशी कोणती तपासणी झाली, औषध का बदललं, मागच्या खेपेला कोण काय म्हणालं, सगळं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक रुग्ण नेमून दिला. त्याची नोंद रोज वाचायची आणि खाली आपलं टिपण लिहायचं.

अडचण एवढीच होती की मुलगा शिकला की नाही हे मोजायचं कसं? त्यावर तोडगा निघाला. रुग्णाची नोंद पडद्यावर जितके तास उघडी, तितके तास शिक्षण. आम्ही सकाळी नोंद उघडायचो आणि जेवायला जायचो. परत आलो की आम्ही तीन तास शिकलेले असायचो.

विद्यार्थ्यांचे संगणक ग्रंथालयाच्या इमारतीत होते. वॉर्ड मैदानापलीकडे. संगणकांना उकाडा सोसत नाही म्हणून त्यांच्या खोलीला एसी होता. पेशंटना सोसतो असा समज असल्यामुळे वॉर्डात दोन कूलर होते, त्यातला एक नुसतं पाणी गाळायचा. नागपूरचा मे महिना होता. ते मैदान दुपारी ओलांडणं म्हणजे काय, हे ज्यानं डोक्याला दुपट्टा गुंडाळून ओलांडलंय त्यालाच कळेल. रुग्णाजवळ जायला मनाई कोणी केली नव्हती. गरज कोणाला वाटली नाही, इतकंच.

माझा रुग्ण म्हणजे चौदा नंबर. मी त्यांना पंधरा दिवस न पाहता ओळखत होतो. वय बावन्न, धंदा विणकाम, दम लागतो, छाती आवळते. बिडी: होय, रोज वीस, पंचवीस वर्षं. छातीच्या आजारांचा एक वेगळा तक्ता होता, त्यात एक चौकोन होता: सोमवारी त्रास वाढतो का? नाही. सुताच्या धुळीनं होणाऱ्या आजारात आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी छाती जास्त आवळते, असं आमच्या पुस्तकात दिलेलं आहे, आणि पुस्तकातल्या गिरण्या रविवारी बंद असतात. चौकोनात "नाही" आलं म्हणून संगणकानंच खाली निष्कर्ष काढला होता: धुळीचा आजार संभवत नाही, धूम्रपानाचा संभवतो. मला त्या यंत्राचं फार कौतुक वाटलं. मी बिडीच्या दुष्परिणामांवर चार पानांचं टिपण लिहिलं. सरांनी दहापैकी नऊ गुण दिले.

तेवढ्यात बाहेरून एक समिती योजना बघायला येणार असं कळलं, आणि केस सादर करायला सरांनी मला निवडलं.

"खेड्यातून आलेला मुलगा, आणि काय सुंदर काम," सर सगळ्यांसमोर म्हणाले. मला इतकं भरून आलं की मौदा हे तालुक्याचं ठिकाण आहे हे सांगायचं राहिलं. "फक्त पेशंटची संमतीची सही घेऊन ये. ती अजून कागदावरच घ्यावी लागते."

म्हणून मी मैदान ओलांडलं.

काका खाटेवर मांडी घालून बसले होते. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे पांढरं सूत गुंडाळून ते डोक्यामागे बांधलेलं. काकू स्टुलावर बसून डब्यातली भाजी वाटीत काढत होत्या. मी ओळख करून दिली आणि सही मागण्याआधी आपलं कर्तव्य करावं म्हणून समजावून सांगितलं की आता बिडी सोडली पाहिजे.

"कोणती?" काका म्हणाले.

"बिडी."

"ते समजलं. पण कोणती बिडी, डाक्टर साहेब?"

मी कागद बघितला. "रोजच्या वीस. पंचवीस वर्षांपासून."

काकूंचा हात वाटीवर थांबला. त्या नवऱ्याकडे वळल्या. "पंचवीस वर्ष? म्हंजे माह्या लग्नाच्या पयलेपासून?"

"अवं, नाई वं! मी कायले पेऊ बिडी?"

"मंग कम्प्युटरात कसं आलं? कम्प्युटर का तुमचा दुश्मन हाये?"

"मले काय माईत!"

"मी म्हणो, शेडातून आल्यावर अंगाले वास कायचा येते. तुमी म्हणा, मशीनच्या तेलाचा हाये."

"तेलाचाच हाये तो!"

"रोजच्या वीस! अन् मले सांगे, चहा कमी कर वं, तब्येत बिघडते."

तेरा नंबरचे आजोबा कुशीवर वळून म्हणाले, "कबूल करून टाका ना गा भाऊ. लवकर सुट्टी देतीन."

"अरे, पेलोच नाही त कबूल काय करू?" काका ओरडले आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत काकू पाठ चोळत राहिल्या, पण तोंडानं बोलल्या नाहीत.

मला त्या वेळी काकांपेक्षा कागद खरा वाटला, हे इथे लिहून ठेवतो. व्यसनी माणूस आधी नाकारतोच, असं पुस्तकात होतं. मी समजूतदारपणे मान हलवली, सही घेतली, आणि काकू आता आठ दिवस नवऱ्याशी बोलणार नाहीत याचं मला जरा समाधानच वाटलं, कारण कुटुंबाचा सहभाग महत्त्वाचा असतो.

निघताना पाणी प्यायला सिस्टरच्या टेबलाशी थांबलो. तिथल्या संगणकावर आमच्या युनिटची यादी उघडी होती. प्रत्येक नावासमोर बिडी होती. तेरा नंबरच्या आजोबांना बिडी, ठीक. पण बाजूच्या बायकांच्या वॉर्डातल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजीबाईंनाही बिडी. रोज वीस, पंचवीस वर्षं. सगळ्यांना वीस, सगळ्यांना पंचवीस. मग मला आठवलं की दोन महिन्यांपूर्वी कावीळ झाली तेव्हा मीही याच युनिटमध्ये चार दिवस भरती होतो. मी माझं नाव शोधलं. बिडी: होय. रोज वीस. पंचवीस वर्षं.

मी एकवीस वर्षांचा होतो. तरी खरं सांगतो, मी क्षणभर आठवून पाहिलं.

"सिस्टर, हे काय आहे?"

वॉर्डाच्या सिस्टर इंजेक्शन भरत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "'नाही' दाबून पाहा."

मी एक नवीन कोरा तक्ता उघडून "नाही" दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली आणि खाली सात चौकोन उघडले. कधी सोडली? कोणाच्या सल्ल्याने? सोडताना काय त्रास झाला? कधी ओढलीच नाही, असा चौकोन त्यात नव्हता. सातही भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं.

"आता 'होय' दाबा."

"होय" दाबलं. दोनच चौकोन आले आणि ते आधीच भरलेले होते. वीस. पंचवीस.

"मी एकटी, अन् तीस पेशंट," सिस्टर म्हणाल्या. "इंटर्न पोरंबी 'होय'च दाबतात. एकदा दाबलं की रोजच्या नोंदीत आपोआप उतरते. तुमी लोक वाचता म्हणे ते. बरं हाये, कोणीतरी वाचते."

मी परत काकांकडे गेलो. जाऊन उभा राहिलो. माझी शाळेची, कॉलेजात लपवून ठेवलेली बोली तोंडातून आली. "काका, माह्यीच चूक झाली. कम्प्युटरात माह्याबी नावावर बिडी हाये."

काका हसले. "कुठचा गा तू?"

"मौद्याचा."

"मंग बस ना. उभा काहून राह्यला?"

काकूंनी स्टूल दिलं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसलो. माझ्या ग्रंथालयातल्या शिक्षणाचे तास तेवढे कमी भरले.

काकांनी मला कांड्या भरायच्या खोलीची गोष्ट सांगितली. मागाच्या धोट्यात बसते ती कांडी. तिच्यावर मशीननं सूत गुंडाळायचं. खोली लहान, खिडकी बंद, कारण वारा आला की धागा तुटतो. हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. जेवायला डबा उघडला की भातावर पांढरी साय येते, असं ते म्हणाले. छाती आवळणं चार वर्षांपासून.

"रोज आवळते?"

"रोज नाही. शनिवार बेकार. शनिवारी त असं वाटते, छातीवर कोणी बसून राह्यलं. मंग हळूहळू सुटते. गुरुवारपर्यंत बरा असतो."

"शनीचा फेरा हाये," काकू म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याशी बोलणं सुरू केलं होतं, पण माझ्यामार्फत. "दोन वर्षं झाली, दर शनिवारी तेल वाहून राह्यलो. मीबी उपास धरते. फरक नाही."

मी वहीत लिहून घेतलं: शनिवारी त्रास वाढतो, कुटुंबाची श्रद्धा. आणि पुढचा प्रश्न विचारायला लागलो. माझी बुद्धी तिथेच थांबली होती, हे कबूल करतो. फळ्यावर सोमवार लिहिलेला होता.

काकाच म्हणाले, "पण एक गोष्ट समजली नाही बापू. मांगच्या वर्षी मालकाकडे लग्न होतं. शेड आठ दिवस बंद. एकदम मस्त राह्यलो. शनिवार आला अन् गेला, काही नाही. मंग बुधवारी शेड उघडली, अन् बुधवारी छाती आवळली. आता मले सांग, शनी काय बुधवारी आला व्हता?"

"शेड कधी बंद असते काका? आठवड्याची सुटी?"

"शुक्रवारी. मालकाचा जुम्मा असते ना."

मी वहीवरून मान वर केली. काका चष्म्यातून माझ्याकडे बघत होते, शिक्षक मुलाकडे बघतो तसे. मला वाटतं त्यांना उत्तर बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. कोणी शिकलेल्या माणसानं विचारावं एवढीच ते वाट बघत होते.

एक नोंद खोटी होती आणि एक शंभर टक्के खरी होती. सोमवारी त्यांना खरंच त्रास वाढत नव्हता. दोघींनी मिळून त्यांना बिडीवाला करून टाकलं होतं.

मग काका मुद्द्यावर आले. त्यांनी मालकाला आधीच सांगून पाहिलं होतं की धुळीनं त्रास होतो. मालक वाईट नव्हता. त्यानं म्हटलं होतं, दवाखान्यातून तसा कागद आण, मी तुला मागच्या अंगणात कापडाच्या घड्या घालायला बसवतो. तिथे धूळ नाही, कडुनिंब आहे. "पण तुमचा कागद बिडी म्हणन, तर मालकबी म्हणन, मंग बिडी सोड ना, खोली काहून सोडते? अन् मी परत तिथंच."

डिस्चार्ज सोमवारी होता. समितीही सोमवारीच येणार होती.

मी सरांकडे गेलो. सरांनी पूर्ण ऐकलं. ते वाईट शिक्षक नव्हते. बाहेरगावच्या सभांना जायला लागण्याआधी ते फार चांगले शिक्षक होते असं सिस्टर सांगायच्या. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे. पण नोंद चोवीस तासांनंतर बदलता येत नाही. ज्यानं केली त्यानंच अर्ज करायला हवा."

"ते इंटर्न आता गडचिरोलीला आहेत, सर."

"मग बघ. आणि स्लाइड छापून झाल्या आहेत. समिती जाऊ दे, नंतर पाहू."

"सर, पेशंट सोमवारीच घरी जाणार आहे."

"नंतर फॉलोअपला येईलच ना तो." सरांनी फोन उचलला.

माझ्या खोलीतल्या नागपूरकर मित्रानं रात्रीच्या जेवणाला मला ऐकवलं, "तू कायले डोक्शाले ताप करून घेऊन राह्यला बे? स्लाइड वाच अन् बस. तुह्या बापाची हाये का बिडी?"

रविवारी संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. उद्या मला त्यांच्याबद्दल बिडीची स्लाइड वाचावी लागणार, असंही सांगितलं. मला वाटतं मला त्यांची माफी आधीच घेऊन ठेवायची होती. त्यांनी माफीचं बाजूला ठेवलं. फक्त विचारलं, "तुह्या मार्काचं काय असते त्याच्यात?"

"सर नाराज झाले तर कठीण हाये, काका."

"हं," ते म्हणाले.

सोमवारी समितीत तिघं होते. दोघं पुरुष वही-पेन घेऊन, आणि एक पिकल्या केसांच्या मराठी बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत होते. सभागृहात मी स्लाइड वाचल्या. हो, वाचल्या. बिडीची आली तेव्हा माझा आवाज जरा खाली गेला, एवढंच. सर्वांनी माना डोलावल्या. मग मॅडम म्हणाल्या, "चला, पेशंट बघू."

सरांचा चेहरा पडला, कारण हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

आम्ही सगळे मैदान ओलांडून वॉर्डात आलो. गळणारा कूलर त्या दिवसापुरता दुरुस्त झाला होता. काका नीट केस विंचरून बसले होते. मॅडमनी नमस्कार केला आणि विचारलं, "काय हो, बिडी ओढता का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे. मग मोठ्यानं, शाळेत पाठ म्हणावा तसं म्हणाले, "हो साहेब. पेतो. रोजच्या वीस. पंचवीस वर्षांपासून."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. "पायलं!" त्या म्हणाल्या. "पायलं का? मी म्हणतच व्हती!"

तेरा नंबरचे आजोबा म्हणाले, "म्या सांगतलं व्हतं ना, कबूल करा म्हून."

मला आजवर कोणी इतकी मोठी गोष्ट दिलेली नाही. त्या माणसानं माझ्या गुणांसाठी आपला कडुनिंब सोडला होता, आणि वर बायकोचा विश्वासही. मला वाटलं मी रडेन. पण बाहेर पडलं ते हे: "मॅडम, काका खोटं बोलून राह्यले."

शुद्ध मराठी त्या वेळी सापडलीच नाही. जे आलं त्यात सांगितलं. आजीबाईंची बिडी, माझी बिडी, सात चौकोन, शनिवार, मालकाकडचं लग्न, बुधवार. मधे सर दोनदा खाकरले. मॅडम शेवटपर्यंत काकांच्या चष्म्याला बांधलेल्या सुताकडे बघत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, काकांना.

"शेड बंद कोणत्या वारी?"

"शुक्रवारी, बाई."

"हं." त्या सरांकडे वळल्या. "तुमच्या तक्त्यात सोमवार आहे?"

"पुस्तकाप्रमाणे आहे, मॅडम," सर म्हणाले.

"पुस्तक कामठीत लिहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

यानंतर माझ्या मते फार मोठं काही घडायला हवं होतं. समितीचा अहवाल आला तेव्हा विभागात पेढे वाटले. अहवालात म्हटलं होतं की एका विद्यार्थ्यानं दुर्मीळ निदान केलं, आणि हे इलेक्ट्रॉनिक नोंदींवर आधारित शिक्षणाचं यश आहे. माझा ग्रंथालयातला सरासरी वेळही दिला होता. नोंद जेवणाच्या वेळी उघडी राहिल्यामुळे तो चांगला होता. पुढच्या वर्षी योजना तीन विभागांत लागू झाली.

त्या सोमवारी मात्र काकांचं डिस्चार्ज कार्ड संगणकानंच छापलं. निदान: धूम्रपानजन्य. सल्ला: बिडी बंद, नेहमीचं काम सुरू करावं. खाट दुसऱ्याला हवी होती, ऑटोवाला खाली ओरडत होता. काका कार्ड घडी करून खिशात ठेवून गेले. जाताना म्हणाले, "तू पास होशीन." चष्मा उशीखाली राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीबाहेर उभा राहिलो, आणि तिसऱ्याही. चौथ्या दिवशी सरांनी आत बोलावलं. त्यांनी काकांचा एक्स-रे मागवला, माझी वही मागवली आणि वीस मिनिटं प्रश्न विचारले, सभांना जायला लागण्याआधीच्या सरांसारखे. मग म्हणाले, "लेटरहेड आण."

लेटरहेड नव्हतं. विभाग कागदमुक्त झाला होता. आठवडाभर शोधून सिस्टरच्या औषधाच्या कपाटात एक सापडलं. फळीवर अंथरलेलं, एका कोपऱ्यावर आयोडिनचा डाग. सरांनी त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं की हा आजार सुताच्या धुळीमुळे आहे, पेशंट धूम्रपान करत नाही, त्याला धुळीपासून दूर काम द्यावं. सही केली, शिक्का मारला, आणि म्हणाले, "डाग दिसतो का फार?"

नोंदीतला फोन नंबर दहा वेळा नऊ असा होता. म्हणून पत्रच पाठवावं लागलं. दोनदा शुद्ध मराठीत लिहून फाडलं. आज, इतक्या वर्षांनी, मी एका ग्रामीण रुग्णालयात आहे आणि खोकल्याच्या प्रत्येक माणसाला आधी सुटीचा वार विचारतो. काका पुढे दोनदा तपासणीला नागपूरला आले, दोन्ही वेळा शनिवारी, मुद्दाम, छाती मोकळी आहे हे दाखवायला. मालकानं त्यांना अंगणात बसवलं होतं. काकूंनी त्यांना बिडीबद्दल माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे.

काका,

तुमचा चष्मा खाटेवर राह्यला व्हता, तो याच्यात पाठवून राह्यलो. काडीचं सूत ढिलं झालं व्हतं, सिस्टरनं नवीन बांधून देलं. आधी चष्मा लावा, मंग पुढचं वाचा.

संग एक कागद हाये. तो सरांनी सोताच्या हातानं लिहिला. त्याच्यावर डाग हाये, तो औषधाचा हाये, मालकाले सांगा, नाहीतर त्यायले वाटन आपणच बनवला. मालकाले हाच कागद दाखवा. पयलेचं कार्ड दाखवू नका. ते फाडूबी नका, तपासाले येसान तेव्हा घेऊन या, त्याच्यावर तुमचा नंबर हाये.

कम्प्युटरात तुमची बिडी अजून सुरूच हाये. मी अर्ज देला, पण ज्या डाक्टरनं लिहिलं त्याची सही पाह्यजे म्हणते. मी त्यायले गडचिरोलीले चिठ्ठी टाकली. माह्यीबी बिडी सुरू हाये. पुढच्या खेपेस कोणी विचारलं तर खरं सांगा. माह्यासाठी खोटं बोलू नका. मी पास झालो, पण मले त्याची लाज वाटते, हे तुमालेच लिहितो, बाकी कोणाले सांगतलं नाही.

काकूले हे वाचून दाखवा: काकू, काकांनी बिडी कधीच पेली नाही. त्या दिवशी बोलले ते माह्यासाठी. मी सोता डाक्टर होऊन राह्यलो, मी लिहून देतो. इथं सही करतो, वाटलं तर ठेवून द्या.

शनिवारचं तेल बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त या शनिवारी देवळात जायच्या आधी मालकाकडे जा. शुक्रवारी शेड बंद राहीन, म्हून शनिवारी सकाळीच जा, खोलीत पाय ठेवायच्या पयले.

मालक काय म्हणाला ते एका कार्डावर कळवा. पत्ता मांगं लिहिला हाये.

तुमचा,
मौद्याचा